नवस आईचा, घर अंकिताचे

मी, कमळाकर काशिराम आढाव, वय एकोणऐंशी, धर्म ख्रिस्ती, धंदा बोर्ड रंगवणे, राहणार जुने पनवेल, आज माझ्या घराच्या ओट्यावर बसून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाखाली न राहता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. वय झाले. अक्षर मात्र अजून सरळ आहे, हे वाचणाऱ्याने पाहून घ्यावे.

बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्यापूर्वी डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले आणि मग विचारले, "काही पाठ आहे का, आजोबा?" मी सहावीच्या पुस्तकातली नदीवरची कविता आमच्या गुरुजींच्या चालीवर म्हणायला सुरुवात केली. चौथ्या कडव्याला ते म्हणाले, "पुरे, बाहेर पेशंट बसलेत." उरलेली कडवी मी रिक्षात म्हटली. माझ्या स्मरणशक्तीबद्दल पुढे कोणी शंका काढलीच, तर त्या रिक्षावाल्यालाही साक्षीला बोलवावे.

पूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे माझी पत्नी शकू हिच्या नावे होते. ती माझ्या आधी गेली. ते मृत्युपत्र वकीलबाई अ‍ॅडव्होकेट स्नेहल यांच्या सांगण्यावरून या लिखाणाने रद्द करतो. शकूच्या नावाची ओळ खोडताना मला वाईट वाटले, एवढीच नोंद.

माझ्या मागे तीन माणसे आहेत. मुलगा शैलेश, कामोठ्याला राहतो, उरणच्या बंदराकडे कंटेनरच्या कामात आहे. त्याची मुलगी अंकिता, वय तेवीस, कामोठ्यातच क्लासमध्ये गणित शिकवते. आणि माझी धाकटी बहीण वेणू, निवृत्त नर्स, लग्न केले नाही, माझ्याजवळ राहते. या तिघांत सध्या बोलणे कमी आणि भांडी आपटणे जास्त चालले आहे. अंकिताला पास्तर, म्हणजे चर्चची पाळक, व्हायचे आहे. शैलेश म्हणतो, गेलीस तर माझ्या दारात परत पाऊल टाकायचे नाही. वेणू म्हणते, तिने गेलेच पाहिजे, आमच्या घरावर आईचा नवस आहे. दोघेही आपल्या म्हणण्याला देवाची आज्ञा म्हणतात. हे पनवेलचे घर माझे आहे, त्यामुळे दोघेही माझ्या तोंडाकडे पाहत आहेत. तर आता पाहू नये, वाचावे.

कलम एक. कोन गावातली दीड गुंठा जागा आणि बँकेत माझ्या नावे जे काही असेल ते सर्व मी शैलेशला देतो. ही जागा मी मुंबई-पुणे रस्त्यावरच्या ढाब्यांचे बोर्ड रंगवून घेतली आहे. तिच्यात कोणाचा हिस्सा नाही. शैलेश चांगला मुलगा आहे, हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण पुढच्या कलमांत त्याला तसे वाटणार नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनला तो सुट्टी टाकून बसला होता. त्याला भीती वाटली की त्याचा आवाज चढतो. हे त्याने आईकडून घेतले आहे. शकूही मांजर दिसले की मला ओरडायची.

कलम दोन. माझे ब्रश, रंगाचे डबे, खडूची दोरी, हात टेकवायची काठी आणि चढून रंगवायचा उंच लाकडी घोडा हे सर्व हादिया हिला द्यावे. हादिया ही माझा मित्र जमाल मुकादम याची नात. ती चित्रकला शिकते आणि तिच्या अक्षराला वळण आहे. ती उर्दू उजवीकडून लिहिते, मी मराठी डावीकडून लिहीत आलो. एकदा आम्ही तिच्या आजोबांच्या रंगाच्या दुकानाची पाटी दोन्ही टोकांनी एकदम रंगवायला घेतली होती. मध्यावर येईपर्यंत तिच्या बाजूचे नाव पुरे झाले आणि माझा शेवटचा शब्द अडकला. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही आधी माप घेत नाही." हे मला पेंटर होऊन साठ वर्षे झाल्यावर ऐकावे लागले. काठी तिलाच शोभेल.

स्वतः जमालला मी काहीही देत नाही. तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही दिले तर ते देणे फुकट जाते, असे वकीलबाईंनी बजावले. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी सही नाही केली असती तर काय देणार होतास?" मी म्हटले, "काहीच नाही." तो म्हणाला, "मग करतो सही."

कलम तीन. माझ्या मृत्यूनंतर चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लावू नये. भावपूर्ण हा शब्द तर लावूच नये. ज्या फ्लेक्सने माझा धंदा खाल्ला, त्याच्यावर मी हात जोडून हसत उभा राहणार नाही. काही लिहायचेच असेल तर हादियाने हाताने पाटी लिहावी, काळ्यावर पांढरे, आणि माझे नाव फार मोठे काढू नये.

कलम चार, झगे. हे लांबेल.

वेणूच्या खाटेखालच्या ट्रंकेत पांढऱ्या मांजरपाट कापडाचे झगे आहेत. सगळ्यांत लहान झगा चार वर्षांच्या मुलाला येईल असा आहे. ते माझ्या आईने, ठमाबाईने, शिवले. का शिवले ते नव्या पिढीला वेणूच्या तोंडून ऐकून माहीत आहे, आता माझ्या बाजूने ऐकावे.

माझे वडील काशिराम हे आमच्या लहान उपासनामंदिराचे राखणदार होते. जमीन नव्हती. माझ्या आधीची आईची दोन मुले अंगावर पीत असतानाच गेली. आमच्या मंडळीत, म्हणजे या मंदिरात जमणाऱ्या समाजात, पावसाळ्यानंतर हंगामाचा सण होतो. ज्याच्या शेतात जे आले त्यातले पहिले तो देवाला वाहतो. भोपळे, तांदळाचे पायली-मापटे, कोंबड्या, शेवग्याच्या शेंगा, सगळे वेदीपुढे रांगेत मांडतात आणि उपासना झाली की तिथेच लिलाव होतो. पुष्कळदा ज्याने भोपळा वाहिला तोच चढी बोली लावून तो परत घरी नेतो. देवाला पोहोचले आणि घरात भाजीही झाली, असा तो गोड व्यवहार आहे. त्या वर्षी आईकडे वाहायला काही नव्हते. ती भरल्या मंडळीत उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्याकडं शेत नाही. पोटात आहे ते देते. जगलं तर पास्तर करीन." मंडळी आमेन म्हणाली. अशा रीतीने मी जन्मायच्या आधी भोपळ्यांच्या रांगेत जाऊन बसलो. फरक एवढाच की लिलावात मला कोणी परत घेतले नाही.

आईचे शास्त्र पक्के होते. पूर्वी बायबलातल्या एका बाईने असेच मूल मागितले, देवाला दिले आणि दरवर्षी त्याच्यासाठी लहान झगा शिवून नेला, ही गोष्ट तिला ठाऊक होती. म्हणून दर नाताळला माझ्यासाठी नवा झगा, मागच्यापेक्षा बोटभर मोठा. तो घालून मी व्यासपीठाशेजारी उभा राहून एक स्तोत्र तोंडपाठ म्हणायचो. मला ते फार आवडायचे. वर्गात कविता म्हणताना छातीत जे भरून यायचे तेच तिथेही यायचे. बायका पदराने डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, "देवाचं लेकरू." खिडकीतून येणारे ते नाताळचे ऊन, खळीचा वास, कडक कॉलर. आजही मांजरपाटाचा ताना हाताला लागला की मी तिथे उभा असतो.

पण त्याच गोष्टीत पुढे काय आहे, ते आई वगळून सांगायची. त्या मुलाला आईने दिले खरे, तरी देवाने त्याला स्वतः नावाने हाक मारली. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. आणि मुलाने स्वतः ओ दिली. आईच्या शब्दावर देवाने काम भागवून घेतले नाही. हे मला रविवारच्या शाळेत कळले आणि तेव्हापासून मी कान देऊन वाट पाहू लागलो. अंथरुणात पडलो की श्वास धरून ऐकायचो. बेडूक ऐकू यायचे. वडिलांचे घोरणे ऐकू यायचे. माझे नाव कोणी घेतले नाही.

मॅट्रिक झालो तेव्हा घाटावरच्या पास्तरांच्या शाळेत माझी जागा ठरली. वडील कामावर, आई तापाने पडलेली, म्हणून मी एकटाच ट्रंक घेऊन एसटी स्टँडवर गेलो. घाटाची गाडी लागली होती. शेजारी उरणची गाडी लागली होती. मी उरणच्या गाडीत बसलो. समुद्र पाहून येऊ आणि मग जाऊ, असे ठरवले होते. करंजाला धक्क्यावर एका म्हाताऱ्या नाखव्याने, म्हणजे होडीच्या मालकाने, होडीला नवा रंग दिला होता आणि नाव लिहायला ठरवलेला माणूस दारू पिऊन झोपला होता. नाखव्याने मला ट्रंकेसकट पाहिले.

"पोरा, लिवता येतंय?"

"येतं."

"मंग ये वर. सोनबाई लिव. मोठा लिव, लांबून वाचता आला पायजे."

मी सोनबाई लिहिले. ओल्या रंगावर ऊन पडले आणि ते अक्षर पाण्यावर हलताना मला दिसले. घाटाची गाडी तोपर्यंत निघून गेली होती.

आई चार दिवसांनी आली, हातावर नवा झगा घेऊन. मी सोनबाईच्या दुसऱ्या बाजूला नाव लिहीत होतो.

"कमळ्या, मी देवाला शब्द दिलाय. आता त्याला काय तोंड दाखवू?"

"शब्द तू दिलास, आई. मला त्याने अजून हाक मारलेली नाही."

"मारंल. कान उघडे ठेव."

"लहानपणापासून उघडेच ठेवलेत."

"म्हणजे तू बंड करतोस देवाशी?"

"मी खोटं हो म्हणत नाही, एवढंच."

ती उलट्या पडलेल्या होडीवर बसली. मी लिहीत राहिलो. तिला वाचता येत नव्हते. तरी म्हणाली, "ती उभी रेघ वाकडी गेलीय." आणि खरेच गेली होती. मी पुसून पुन्हा काढली. मग आम्ही दोघे एकाच गाडीने पनवेलला आलो. पुढच्या नाताळला ट्रंकेत नवा झगा होता. तिच्या मरणापर्यंत दरवर्षी तिने झगा शिवला. तिने नवस मागे घेतला नाही आणि मी हो म्हटले नाही. जेवायला मात्र रोज समोरासमोर बसत होतो. आम्हा दोघांच्या मध्ये देव जेवायला बसत असे, असे मी मानतो, आणि तो कोणाच्या बाजूने आहे हे त्याने कधी बोलून दाखवले नाही.

तर या ट्रंकेतले लहान-मोठे झगे मंडळीच्या रविवारच्या शाळेला द्यावेत. नाताळच्या नाटकात देवदूतांना उपयोगी पडतील. मात्र झगा घालण्यापूर्वी त्या मुलाला विचारावे. कोणाला मेंढपाळ व्हायचे असेल तर घोंगडी द्यावी.

शेवटचा झगा, जो सगळ्यांत रुंद आहे, तो यात धरू नये. त्याचे पुढे येईल.

कलम पाच. माझ्या दफनविधीत पास्तरसाहेबांनी बायबलातल्या योनाचा उतारा घेऊ नये. ही सूचना आहे, विनंती नव्हे. देवाने एकीकडे पाठवले आणि हा होडीत बसून दुसरीकडे पळाला, हे माझ्याबद्दल मंडळीत साठ वर्षे बोलले जात आहे, आणि होडी होती हेही खरे आहे. पण योनाला हाक आली होती. ती ऐकून तो पळाला. शिवाय लोक त्याची गोष्ट त्याला गिळणाऱ्या माशापाशी संपवतात. पुढे तो गेला, सांगितलेले सगळे केले, शहर वाचले, आणि हा फुगून उन्हात बसला. पायांनी आज्ञा पाळली, मन घरीच. माझ्यावर बोलायचेच असेल तर बापाने द्राक्षमळ्यात कामाला जा म्हटलेल्या दोन मुलांवर बोलावे. एक नाही म्हणाला आणि गेला. दुसरा होय म्हणाला आणि गेला नाही. त्यात मी कोणता, हे पास्तरांनी ठरवू नये, ते वर ठरेल. ठरवायला सोपे जावे म्हणून खालची हकीकत देत आहे.

मी चाळिशीत असताना मंडळीतल्या एका मुलीने घरच्यांचे न ऐकता मंडळीबाहेर लग्न केले. पंचांनी ठराव केला की तिचे नाव काढून टाकावे, आणि काढलेल्यांची एक पाटी करून दाराशी लावावी म्हणजे बाकीच्या मुलींना जरब बसेल. पाटी रंगवायला अर्थात मीच. पंचांपैकी एक गृहस्थ घोड्याखाली उभे राहून मला सांगत होते, "कमळाकर, लाल रंगात काढ, आज्ञाभंगाचा रंग लालच." मी वर चढून खडूच्या दोरीने सूत मारले, ब्रश भिजवला आणि तिच्या नावाचे पहिले अक्षर काढणार, इतक्यात मला माझे नाव ऐकू आले. खालून नव्हे. खालच्या गृहस्थांचा आवाज मला चांगला माहीत होता. मला ऐकू आले, कमळाकर, ब्रश खाली ठेव. बस्स एवढेच. लहानपणी ज्याची वाट पाहिली ते माझ्याकडे भर दुपारी आले, मी घोड्यावर असताना, आणि त्याने मला काही करायला सांगितले नाही, काही न करायला सांगितले.

मी ब्रश खाली ठेवला. खाली उतरलो. ते गृहस्थ म्हणाले, "पंचांचा हुकूम मोडतोस?" मी म्हटले, "होय, पण मला आत्ताच वरून दुसरा मिळाला." पंचांनी मला वर्षभर प्रभुभोजनापासून, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीपासून, दूर ठेवले. मी त्या वर्षी एकही रविवार चुकवला नाही. शेवटच्या बाकावर बसायचो, भाकर पुढून निघून जायची, आणि मी दुसऱ्यांबरोबर गीत म्हणायचो. पाटी कोणीच रंगवली नाही. ती मुलगी आज आजी आहे, कामोठ्यात असते, बाजारात भेटली की मला कोथिंबीर निवडून देते.

आई तेव्हा हयात होती. तिला मी हे सगळे सांगितले. तिने सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "मग ओ दिलीस ना?" मी म्हटले, "दिली." आणि ती झग्याला टीप घालत राहिली.

माझ्या समजुतीप्रमाणे एवढेच आहे. देवाला का म्हणून विचारणे हे बंड नव्हे. खुद्द प्रभूने वधस्तंभावर जाण्याआधी बागेत गुडघे टेकून घाम गाळत विचारले, की हे टळेल का. मग उठला आणि गेला. आणि माणसाचे भय धरून मान डोलावणे हे आज्ञापालन नव्हे, मग तो माणूस आई असो, बाप असो, पंच असो. देवाशी बोलणे बंद करणे, हे बंड. ते मी एक दिवसही केले नाही.

कलम सहा. जुने पनवेल येथील माझे राहते घर, कौलारू, दोन खोल्या, पुढची पत्र्याची शेड आणि मागचे शेवग्याचे झाड धरून. हे घर स्वकष्टार्जित आहे. आता विमानतळामुळे गल्लीत बिल्डरांच्या मोटारी फिरतात आणि शैलेशच्या खिशात त्यांतल्या दोघांची कार्डे आहेत, हे मला माहीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात अंकिता शेडमध्ये येऊन बसली. मी जुने डबे झाकत होतो.

"आजोबा, रागवणार नाही ना?"

"आधी सांग. मग ठरवतो."

"मला पास्तर व्हायचंय."

"वेणूने भरवलं डोक्यात?"

"वेणूआजीला माहीतच नाही अजून. दोन वर्षं मी देवाला नाही म्हणत होते. क्लासचं कारण दिलं, पप्पांचं दिलं, माझा आवाज बारीक आहे हेही सांगून पाहिलं."

"मग?"

"कारणं संपली."

मी डब्याचे झाकण ठोकून बसवले. ते आधीच बसलेले होते. "भीती वाटते?"

"खूप. पप्पा दार बंद करतील याची. आणि तिथं गेल्यावर कळलं की हाक नव्हतीच, माझंच मन होतं, तर मग परत कुठं येऊ याची."

त्या प्रश्नाचे उत्तर याच कलमात पुढे आहे. नंतरच्या रविवारी सगळे इथे जेवायला होते आणि विषय निघालाच. शैलेशने ताट पुढे सारले.

"पप्पा, आईबापाचा मान राखायचा, हे दगडावर कोरलंय की नाही? स्थळ चांगलं आहे, मुलगा शिपिंगमध्ये आहे. ही ऐकत नाही. घर माझ्या नावावर करा, किंवा हिच्या करा, पण लग्न केलं तर, अशी अट घाला."

"कोरलंय," मी म्हटले. "दहाही आज्ञा मंदिराच्या भिंतीवर मीच रंगवल्यात. ती पाचवी आहे. वर आणखी चार आहेत आणि त्या सगळ्या देवाच्या आहेत. बोर्डवर वरची ओळ आधी वाचतात, शैलेश."

वेणू लगेच म्हणाली, "मग दादा, तू अट घाल. पास्तर झाली तरच घर तिचं. आईचा नवस फिटेल. तुझ्याकडून राहिलं ते हिच्या हातून होईल."

"वेणूआजी," अंकिता म्हणाली, "मी कुणाची भरपाई म्हणून जात नाहीये."

"अगं, पण योग बघ ना!"

"आत्या, तू गप्प बस," शैलेश म्हणाला.

"तू मला गप्प बस म्हणतोस? तुझी नाळ मी कापलीय!"

जेवण तिथेच संपले. कोळंबीचे कालवण उरले, ते मी दुसऱ्या दिवशी जमालकडे नेले. बकरी ईद जवळ आली होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. मी त्याला सगळे सांगितले आणि म्हटले की बापाने देवाच्या सांगण्यावरून मुलाला बळी द्यायला वेदीवर नेले, त्या गोष्टीत मुलाला कोणी विचारले का, हे मला आयुष्यभर खुपत आले आहे. आमच्याकडे मुलगा वाटेत विचारतो की कोकरू कुठे आहे, आणि बाप सांगत नाही.

जमाल भाकरी मोडता मोडता थांबला. "आमच्यात विचारलंय. बाप म्हणतो, बेटा, मला असं असं ख्वाब पडलंय, तुझं काय म्हणणं? पोरगा म्हणतो, अब्बा, हुकूम झालाय ते करा."

"म्हणजे पोराचा होकार घेतला."

"घेतला ना. नाहीतर ती कुर्बानी कुणाची झाली? बापाची एकट्याची."

"मग तू तुझ्या पोराला दुकानात बसवताना विचारलंस?"

"ते वेगळं. दुकान अल्लाचं नाही, माझ्या बापाचं आहे. कालवणात कोकम जास्त झालंय, वेणूला सांग."

जमाल ज्या देवाची नमाज पढतो तिथपर्यंत माझे गीतही पोहोचते की नाही, यावर आमचे चाळीस वर्षे एकमत झालेले नाही. पण त्या दुपारी त्याने माझ्या मनातली गाठ सोडवली, ही गोष्ट खरी.

सबब मी लिहून ठेवतो की वर वर्णन केलेले घर मी माझी नात अंकिता शैलेश आढाव हिला पूर्ण मालकीने देत आहे. या देण्याला अट नाही. ती शिकून पास्तर झाली तरी घर तिचे. तीन महिन्यांत बॅग घेऊन परत आली आणि म्हणाली की आजोबा, माझेच मन होते, तरी घर तिचे, आणि तिला कोणी का म्हणून विचारू नये. तिने लग्न केले, केले नाही, गणित शिकवले, काहीही केले, तरी घर तिचे. ती जाताना बापाच्या दारातून जाईल, पण परत येताना तिच्या नावाचे दार उघडे असेल. भीतीने गेलेली आणि भीतीने थांबलेली, दोन्ही मुले देवाच्या उपयोगाची नाहीत. तिने जायचे तर मोकळ्या पायांनी जावे.

आणि तिने पणजीचा नवस फेडला, असे वाक्य मंडळीत, घरात किंवा माझ्या कबरीपाशी कोणी उच्चारू नये. हंगामाच्या सणात वाहिलेली वस्तू मी या मृत्युपत्राने बोली लावून परत घेत आहे, आणि अंकिताला त्या रांगेत पुन्हा कोणी ठेवायचे नाही.

शैलेश, तू रागावशील. रागाव. मग एका संध्याकाळी इथे ये आणि ओट्यावर तिच्याजवळ बस. तुझा आवाज चढतो तेव्हा तुला भीती वाटत असते, हे मी तिला सांगून ठेवले आहे.

कलम सात. वेणूला या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील. मागची खोली, खाट आणि सकाळचा पहिला चहा तिचा. अंकिताला उपदेश करण्याचा हक्क मात्र या कलमात येत नाही. वेणू, तू नवस जपलास म्हणून मी तुला कधी हसलो नाही. तू ट्रंकेत डांबराच्या गोळ्या बदलत राहिलीस, म्हणून झगे टिकले.

कलम आठ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई अ‍ॅडव्होकेट स्नेहल यांनी करावी. त्यांची फी मी आधीच चुकती केली आहे आणि त्यांच्या ऑफिसची पाटीही रंगवून दिली आहे. त्यांना फ्लेक्स हवा होता. मी ऐकले नाही.

कलम नऊ आणि शेवटचे. ट्रंकेतला शेवटचा झगा.

आई गेली त्या वर्षीचा तो आहे. मी तेव्हा सुटलेला होतो, सगळे दिवस ढाब्यांवर जात होते. त्या झग्याची कंबर तिने वाढवलेली आहे. माझे माप तिने मला न विचारता घेतले. मी जेवताना, घोड्यावर चढताना, ओट्यावर बसून जुन्या कविता गुणगुणताना ती बघत असणार आणि मनात बोटे मोजत असणार. तो झगा मी कधी घातला नाही.

वेणूला वाटते तो अंकिताला द्यावा. देऊ नये. तिला झगा लागला तर ती आपल्या मापाचा शिवून घेईल, आणि न लागला तर तिच्या अंगावर दुसऱ्याचा नको. हा माझ्यासाठी शिवलेला आहे. मला पुरताना तो मला घालावा. आता मी वाळलो आहे, कंबरेत सैल होईल, खांद्यांवरून थोडा उतरेल. टाके घालून आवळू नये. वर गेल्यावर आई माझ्याकडे बघेल, आणि काय वाकडे झाले आहे ते तीच सांगेल.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिले, दोनदा मोठ्याने वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली. दुसरा साक्षीदार हरेश, त्याला मी म्हटले की बाबा, कोर्टकचेरीचे काम आहे, विचार करून ये. तो म्हणाला, "काका, आमच्या आजोबाच्या होरीचा नाव तुमीच लिवलंय नं? मंग मी नाय म्हनेन का?" सोनबाई आता राहिली नाही. तिच्या नावाची फळी हरेशच्या दारावर ठोकलेली आहे आणि ती उभी रेघ अजून सरळ आहे.

ठिकाण: जुने पनवेल
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार:
कमळाकर काशिराम आढाव (सही)

आमच्या डोळ्यांदेखत वरील गृहस्थांनी सही केली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही:

१. जमाल मुकादम, रंगाचे दुकान, पनवेल (सही)
२. हरेश नाखवा, राहणार करंजा, तालुका उरण (सही)